घर विकण्याआधीची स्वस्त डागडुजी: गोव्याच्या दमट हवेत कुठला माल कामाचा, कुठला नाही

जुना फ्लॅट किंवा चिऱ्यांचं घर विकायला काढलं की गोव्यात पहिला खर्च रंगावर होतो, आणि बहुतेक वेळा तोच वाया जातो. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या भिंती नुसत्या रंगाने सुधारत नाहीत. घर बघायला आलेला माणूस दारातून आत येताच आधी वास घेतो, मग खिडकीखालचा कोपरा बघतो. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या मालाची पारख इथे दोनच गोष्टींवर केली आहे: ओल लागलेल्या घरात तो टिकतो का, आणि कुबट वास घालवायला त्याचा उपयोग होतो का.

चवथीच्या आधी घर रंगवायची आपल्याकडे रीत आहे. विकायच्या घराला ती लावू नका. ऑगस्टात भिंत पाणी पिऊन बसलेली असते. त्यावर दिलेल्या रंगाला दिवाळीपर्यंत फोड येतात. भिंत वाळली की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. फूटभर चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि 24 तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीची हवा दमट आहे. पहिल्या प्रकारात रंगाचा डबा उघडायचाच नाही.

सगळ्यात मोठा परिणाम देणाऱ्या कामाला पैसे लागतच नाहीत. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं असतात. त्यांत माती आणि मुंग्यांची घरं भरली की पावसाचं पाणी पट्टीत साचतं आणि आतल्या भिंतीत उतरतं. खिडकीखालचे पोपडे अनेकदा ह्यामुळेच येतात. जुना ब्रश आणि तार घेऊन भोकं मोकळी करा, वर तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का बघा. मग चौकट आणि भिंत यांच्यातली फट बाहेरून सिलिकॉनने भरा. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून. ओल्यावर ते धरत नाही. कौलारू घरात सरकलेली मंगळुरी कौलं बसवून घ्या, फुटलेली बदला आणि पन्हळीतला पाला काढा.

आतून लावायचं वॉटरप्रूफ कोटिंग हा ह्या यादीतला सगळ्यात वाईट सौदा. पाणी बाहेरून येतं. आतून वाट बंद केली तर ते बाजूला सरकून दुसरीकडे फुटतं, आणि मागच्या दाबाने कोटिंगच सुटून येतं. शिवाय चालू गळती झाकून घर विकणं हे घेणाऱ्याला फसवणं आहे. भेग असेल तर ती बाहेरून इंग्रजी व्हीसारखी खोदून, धूळ झाडून, भेगा भरायच्या पॉलिमर पावडरने भरावी.

बुरशीवर घरगुती ब्लीच उत्तम. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी. स्पंजने लावून 15 मिनिटं ठेवा, घासा, पुसा, दोन दिवस पंखा चालू ठेवा. बुरशी न मारता वरून रंग दिला तर काळे ठिपके रंगातून वर येतात. हातमोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात, आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं अॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. पांढरा, पिठासारखा थर असेल तर ती बुरशी नव्हे, लोणा आहे. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत गिलाव्यात शिरतो.

पुट्टीत सिमेंटची पुट्टी घ्या. बिर्ला व्हाइटसारखी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दमट हवेत अॅक्रिलिक पुट्टीपेक्षा जास्त धरते. किलोमागे साधारण 350 ते 400 मिलिलिटर पाणी; पावडर पाण्यात हळूहळू टाकायची, पाणी पावडरवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या राहतात. भिंत आधी किंचित ओलसर करा, नाहीतर सुका गिलावा पुट्टीतलं पाणी शोषतो आणि दुसऱ्या दिवशी ती हाताला पिठासारखी लागते. एका वेळी दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. सगळ्या घराला पुट्टी मारायचा आग्रह रंगारी धरतो; विक्रीसाठी खरवडलेल्या जागांपुरती पुरे.

रंगात महागाच्या मागे लागू नका. ट्रॅक्टर इमल्शनसारखं साधं इमल्शन फ्लॅटच्या आतल्या भिंतींना पुरतं; दोन हातांसाठी लिटरला 100 चौरस फूट धरा. पांढऱ्यात थोडी पिवळसर झाक असलेला रंग घ्या. चमक असलेला रंग नको, त्यावर प्रत्येक ठिगळ उठून दिसतं.

चुना मात्र लोकांनी उगाच सोडून दिला. पडवी, बलकांव (दारापुढची बसायची ओसरी), कोठार, आवारातल्या चिऱ्यांच्या भिंती यांना त्यासारखी स्वस्त गोष्ट नाही. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर निघून जाते, म्हणून फोड येत नाहीत, आणि ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. किलोला पाच लिटर पाणी, 24 तास मुरू द्या, जाड्याभरड्या कापडातून गाळा, थोडा डिंक घाला. दाट एका हातापेक्षा पातळ तीन हात द्या. दाट चुना वाळला की पापुद्रे निघतात. जिथे आधी ऑइल पेंट किंवा इमल्शन आहे तिथे चुना धरणार नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

बाथरूममध्ये विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचे तांबूस डाग लोहाचे असतात. त्यांवर संडास धुवायचं अॅसिड ओतलं तर डाग फिका होतो, पण टाइल्सच्या फटीतलं सिमेंटही खाल्लं जातं. ऑक्झॅलिक अॅसिडची पावडर चांगली: लिटरभर गरम पाण्यात 50 ग्रॅम, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. ती विषारी आहे, डब्यावर नाव लिहून मुलांपासून दूर ठेवा. फटी काळ्या पडल्या असतील तर नुसतं पांढरं सिमेंट न भरता पॉलिमर ग्राउट भरा. पांढरं सिमेंट पुन्हा लवकर काळवंडतं.

समुद्राकाठच्या घरात गंजलेल्या ग्रिल्स सगळ्या घराला जुनं करून टाकतात. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड प्रायमर, मग एनॅमलचे दोन हात. सकाळी काम सुरू करा. संध्याकाळचं दव ओल्या एनॅमलवर बसलं की चमक जाते.

ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात खरंच काम करतात, खोलीत अजिबात नाहीत. भरलेला डबा कलंडू देऊ नका, त्यातलं खारट पाणी लोखंड गंजवतं. उग्र सुगंधाचे स्प्रे तर टाळाच, घेणारा लगेच विचारात पडतो की कसला वास झाकलाय.

वर्षभर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये गटाराचा वास येतो तो नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी आटल्यामुळे. पाण्याचा अडसर गेला की वायू सरळ वर येतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये, बेसिनमध्ये आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मगभर पाणी ओता. नहाणीच्या ट्रॅपमध्ये वरून चमचाभर खोबरेल घाला, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी कमोडही एकदा फ्लश करून ठेवा.