कूस बदलताना येणारी चक्कर : गोळ्या की एप्ली प्रक्रिया?

तासगावकडच्या द्राक्षबागेत मांडवाखाली मान वर करून विरळणी करताना, किंवा रात्री अंथरुणात कूस बदलताना सगळे गरगरू लागते आणि मिनिटभरात थांबते, तेव्हा त्या चक्करेचे मूळ बहुधा आतल्या कानात असते. आपल्याकडे मात्र अशा रुग्णाला ‘मणक्याची चक्कर’ म्हणून मानेचा पट्टा, अशक्तपणा म्हणून सलाईन आणि महिनाभराच्या गोळ्या मिळण्याचीच शक्यता अधिक.

आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेकदा मागच्या नलिकेत, शिरतात. डोके हलले की ते घरंगळतात, नलिकेतील द्रव ढवळला जातो आणि आपण फिरत असल्याचा खोटा निरोप मेंदूला जातो. एवढे समजले की निम्मा निर्णय झालाच, कारण कोणतीही गोळी हे स्फटिक जागचे हलवत नाही. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझीन या चक्करेवरच्या गोळ्यांनी मळमळ कमी होते, हे खरे; पण त्यांनी गुंगी येते आणि वयस्क माणसाच्या पडण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही या आजारात अशी औषधे सरसकट देऊ नयेत, असेच सांगितले आहे.

जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रक्रियेत रुग्णाला झोपवून डोके ठरावीक क्रमाने वळवतात आणि स्फटिक पुन्हा पिशवीत उतरवतात. तिला जेमतेम पाच-दहा मिनिटे लागतात आणि अनेकांना पहिल्याच खेपेस उतार पडतो. प्रक्रिया चालू असताना चक्कर उसळते, कधी उलटीही होते. शिवाय पुढे काही महिन्यांनी त्रास उलटू शकतो. मात्र आधी डिक्स-हॉलपाइक चाचणीने (डोके एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवे करतात आणि डोळ्यांची हालचाल पाहतात) कान उजवा की डावा हे ठरवावेच लागते, म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून स्वतःच डोके फिरवणे मला पटत नाही. मानेचा गंभीर विकार असल्यास ते आधी सांगावे.

चक्कर तासन्‌तास टिकत असेल, कानात आवाज येत असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर मेनियरचा विकार हा आतल्या कानाचाच दुसरा आजार संभवतो आणि तिथे एप्लीचा उपयोग नाही. त्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टीन या औषधाची जर्मनीत २२१ रुग्णांवर नऊ महिने परीक्षा झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार झटके औषध घेणाऱ्यांचे जितके कमी झाले, तितकेच औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचेही. बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे, हात-पाय लुळा पडणे किंवा उभेच राहता न येणे, यांपैकी काही असेल तर तुलना करत न बसता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

मिरज-सांगलीत कान-नाक-घसा तज्ज्ञांची वानवा नाही. तेव्हा जतहून किंवा आटपाडीहून निघण्यापूर्वी ‘डॉक्टर चाचणी आणि एप्ली दोन्ही करतात का’ एवढे फोनवर विचारून घ्यावे आणि परतीच्या एस.टी.साठी सोबत कुणीतरी न्यावे.