घरातले उंदीर घालवताना: चाप, औषध, पिंजरा की भोकं बुजवणं?

रात्री पोटमाळ्यावर खुडबुड ऐकू आली की बहुतेक घरांत पहिल्यांदा औषध आणायची गोष्ट निघते. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर औषधाचा विचार अगदी शेवटी करावा, असं माझं ठाम मत आहे. का ते पुढे सांगतेच. आधी घरात नेमकं कोण शिरलंय ते ओळखा.

लेंड्यांवरून बरंचसं कळतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक लेंड्या छोट्या उंदराच्या. साधारण 12 मिलिमीटर लांब आणि दोन्हीकडे निमुळत्या असतील तर काळा उंदीर. हा चढण्यात पटाईत, त्यामुळे माळ्यावर आणि छतात सापडतो. 18 ते 20 मिलिमीटरच्या, बोथट टोकांच्या लेंड्या तपकिरी उंदराच्या. तो जमिनीलगत राहतो, बिळं खणतो आणि गटारातून येतो. लांब नाकाडाची चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती प्रामुख्याने किडे खाते, त्यामुळे तिच्यासाठी दाराखालची फट बंद केली तरी पुरतं.

स्वभावातला फरकही लक्षात घ्या. छोटा उंदीर चौकस असतो, नवी वस्तू पहिल्याच रात्री हुंगून बघतो. मोठा उंदीर (म्हणजे काळा किंवा तपकिरी) संशयी, वाटेत नवं काही दिसलं तर कित्येक दिवस ते टाळतो. चाप लावून दोन रात्रींत काही सापडलं नाही म्हणून लोक तो उचलून ठेवतात, ते इथेच चुकतं.

चाप की औषध

बाजारातल्या बऱ्याच वड्यांमध्ये ब्रोमॅडिओलोन किंवा ब्रोडिफॅकम असतं. ही द्रव्यं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर खाल्ल्याबरोबर मरत नाही, बहुधा तीन ते सात दिवस लागतात. तोवर तो घरभर हिंडतो आणि शेवटी जिथे लपलेला असेल तिथेच मरतो. ‘औषध खाल्लं की पाणी शोधायला बाहेर जाऊन मरतो’ असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. आमच्याकडे एकदा भिंतीतल्या कपाटामागे एक मेला होता. वासाने ती खोली कितीतरी दिवस वापरता आली नाही आणि शेवटी फळी उचकटावी लागली.

चापात उंदीर जागीच मरतो, कुठे मेला ते दिसतं आणि किती मेले ते मोजता येतं. मेलेला उंदीर खाऊन मांजर, कुत्रा किंवा घुबड यांना विषबाधा होण्याचा धोका औषधात आहे, चापात नाही. पोरांच्या दृष्टीने बघा: चापाने बोट चेचेल, म्हणून तो खोक्यात किंवा फर्निचरमागे ठेवायचा. औषधाची वडी मात्र पोराच्या तोंडात जाऊ शकते. रक्त न गोठू देणाऱ्या औषधांवर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे, पण झिंक फॉस्फाइडची भुकटी आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांवर उतारा नाही. या दोन्ही गोष्टी घरात आणूच नका, एवढी माझी कळकळीची विनंती. विषबाधेची शंका जरी आली तरी पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा, लक्षणांची वाट पाहू नका.

औषधाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. घराबाहेर बिळंच बिळं असतील आणि उंदीर फार झाले असतील, तर एकेक चाप पुरा पडत नाही. अशा वेळी कुलूपबंद डब्यात, जाणकाराच्या हातून ठेवलेलं औषध समजू शकतं. तेही घराबाहेरच.

चाप लावायची पद्धत नीट पाळली तर तो काम देतोच. उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेने धावतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात ठेवायचा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करायची. आमिष वाटाण्याएवढं, तेलकट आणि वासाचं असावं. मोठ्या उंदरासाठी पहिले काही दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा. आमिष संपू लागलं की एकाच रात्री सगळे चाप ताणा. एक-दोन नव्हे, चांगले सहा-आठ.

बाकीचे उपाय

पिंजऱ्याने जीव वाचतो असं वाटतं, पण पुढचा प्रश्न उरतोच. जवळ सोडला तर परत येतो. दूर सोडला तर अनोळखी जागी बहुधा तगत नाही किंवा दुसऱ्याच्या घरात शिरतो, आणि काही ठिकाणी पकडलेला प्राणी असा सोडायला बंदी आहे. पिंजरा लावलाच तर रोज सकाळ-संध्याकाळ तपासायला हवा.

चिकट पॅड मी कोणालाच सुचवणार नाही. उंदीर तासन् तास तडफडतो, पाल आणि पाखरंही अडकतात. इंग्लंडमध्ये जुलै 2024 अखेरपासून परवान्याशिवाय तो लावणं गुन्हा आहे.

आवाजाच्या यंत्रावर पैसे घालू नका. तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला लवकर सरावतात. मांजर छोट्या उंदरांना धाकात ठेवेल, पण मोठ्यांच्या वाटेला क्वचित जाते.

भोकं बुजवणं

टिकाऊ उपाय हाच. छोट्या उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण 12 मिलिमीटरची. गर्भ राहिल्यापासून तीन आठवड्यांत सहा ते बारा पिल्लं होतात, त्यामुळे वाट उघडी ठेवून नुसते मारत बसलात तर कधी पुरे पडणार नाही. पाइप भिंतीत शिरतो ती जागा, मोरीचं तोंड, दाराखालची फट आणि छताची कड तपासा. भोकात स्टीलची वूल कोंबून वर सिमेंट लिंपा, मोठ्या तोंडांना 6 मिलिमीटरची धातूची जाळी लावा. नुसता फोम ते कुरतडतात. एखादी वाट वापरात आहे का ते बघायचं असेल, तर चुरगळलेला कागद हलकेच कोंबा. तीन रात्रींनंतर जागचा हलला नसेल तर वाट बंद पडली आहे.

हे काम आत चाप लावलेले असतानाच करा, नाहीतर उंदीर आतच कोंडले जातात.

वटवाघूळ, खार, पाखरं

इथे चापही नको आणि औषधही नको. यांतल्या अनेक प्राण्यांना कायद्याचं संरक्षण असतं. बाहेर पडता येईल पण आत येता येणार नाही असा एकेरी मार्ग बसवायचा आणि सगळे गेल्यावर तोंड बंद करायचं. पिल्लं उडायला किंवा चालायला लागेपर्यंत मात्र थांबावंच लागतं. आई बाहेर राहिली की पिल्लं आत उपाशी मरतात. झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, तर चावा दिसत नसला तरी रेबीजसाठी डॉक्टरांना भेटा.

साफसफाई करताना लेंड्या कोरड्या झाडू नका. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, हातमोजे घाला, जंतुनाशकाने भिजवून पाच मिनिटांनी पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

बाहेरून माणूस बोलावणार असाल तर पैसे ठरवण्याआधी त्याला विचारा की भोकं तो शोधून देणार आहे की नुसतं औषध ठेवून जाणार. भोकं शोधून दाखवणाऱ्यालाच काम द्या.