एडनचे आखात की गिनीचे आखात : करारावर सही करण्यापूर्वी

एडनच्या आखातातून सोमालियाजवळून जाणारे जहाज आणि गिनीच्या आखातात नायजेरियाच्या तेलबंदरांना लागणारे जहाज, अशा दोन नोकऱ्या समोर असतील, तर पगाराआधी दोन्हीकडच्या चाचेगिरीचे मूळ पाहावे, कारण बचावाचे उपाय त्यावरच ठरतात.

सोमालियात १९९१ मध्ये सरकार कोसळले, किनाऱ्याला राखणदार उरला नाही आणि परदेशी ट्रॉलरांनी तिथली मासळी ओरबाडली. पुढे टोळ्या अख्खे जहाज किनाऱ्याशी नांगरून महिनोन्‌महिने खंडणीची घासाघीस करू लागल्या, कारण त्यांना हटकणारे कोणी नव्हते. नायजेरियात सरकार आणि नौदल दोन्ही आहेत, त्यामुळे जहाज लपवणे अवघड. मात्र तेलाने नासलेल्या, बेकारीने गांजलेल्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या टोळ्या चार-सहा खलाशांना उचलून खारफुटीच्या खाड्यांत नेतात. २०२० मध्ये जगभरात जहाजांवरून पळवलेल्या १३५ खलाशांपैकी १३० गिनीच्या आखातातले होते. त्यानंतर तिथले हल्ले बरेच घटले आहेत.

एडनच्या बाजूला खासगी सशस्त्र रक्षक घेता येतात आणि आपल्या नौदलाची गस्त २००८ पासून आहे. नायजेरियाच्या हद्दीत मात्र परदेशी सशस्त्र रक्षक चालत नाहीत. तिथे स्थानिक नौदलाच्या संरक्षणावरच विसंबावे लागते.

दोन्हीकडे खरा आधार सिटॅडेलचा, म्हणजे आतून बंद होणाऱ्या भक्कम खोलीचा. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’ जहाजावरचे २१ जण, त्यांतले १५ भारतीय, तिथेच दडून राहिले आणि ‘आयएनएस चेन्नई’च्या कमांडोंनी त्यांना सोडवले. पण एक जरी खलाशी बाहेर चाच्यांच्या हाती राहिला, तर कमांडोंना जहाजावर उतरणे फार जोखमीचे होते. ‘रुएन’ जहाज तीन महिने चाच्यांच्या ताब्यात होते. मार्च २०२४ मध्ये नौदलाने १७ खलाशी सोडवले आणि शरण आलेल्या ३५ चाच्यांना खटल्यासाठी मुंबईत आणले. पकडलेला चाचा किनाऱ्यावर सोडून द्यावा लागत नाही, हाही धाकच आहे.

माझा कल एडनकडे आहे, मात्र येमेनमधल्या हौथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्रांपुढे रक्षक आणि सिटॅडेल दोन्ही निरुपयोगी असल्याने जहाज तांबड्या समुद्रात शिरणार का, हे आधी विचारावे. मग सिटॅडेलमध्ये पाणी किती दिवसांचे आहे, सॅटेलाइट फोन आतून लागतो का आणि सराव शेवटचा कधी झाला, हे विचारावे. एजंट उत्तर टाळत असेल, तर सही करू नये.