न्यूयॉर्कचा सबवे की लॉस एंजेलिसची गाडी?

दोन्ही शहरांत आयुष्याचा बराच भाग प्रवासातच जातो. प्रश्न एवढाच, की तो चारचौघांत घालवायचा की एकट्याने.

न्यूयॉर्कचा सबवे, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, १९०४ सालचा. ४७२ स्थानकं, चोवीस तास चालू. उंदीरही चोवीस तास. सुटाबुटातला वकील आणि जेवण पोचवणारा पोऱ्या एकाच दांड्याला लटकतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही; तीच तिथली सभ्यता. नवख्याने एक लक्षात ठेवावं: भरगच्च गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर आनंदाने उडी मारू नये. आत एक तर एसी बंद असतो, नाहीतर असा काही वास, की पुढच्याच स्टेशनवर माणूस मुकाट्याने डबा बदलतो. मुंबईच्या लोकलवाल्याला हे शिकवावं लागत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मोटारगाडी बाळगणाऱ्यांचे हाल वेगळेच. रस्ता झाडणारं यंत्र येणार म्हणून ठरल्या वारी गाडी हलवायची, नाहीतर दंड. दिवाळीला मात्र या नियमाला सुट्टी, तीही अधिकृत!

लॉस एंजेलिसमध्ये अंतर मैलांत नाही, मिनिटांत सांगतात, आणि तेही खोटंच निघतं. ४०५ महामार्गाचा डोंगरातला पट्टा एक अब्ज डॉलरहून जास्त खर्चून रुंद केला, २०१४ मध्ये काम उरकलं. कोंडी होती तिथेच आहे. पण काचा वर, एसी चालू, हाताशी कॉफी, आणि रडू आलं तर निवांत रडता येतं.

माझं मत सबवेला. रडता तिथेही येतं. कोणी बघत नाही, हे वर सांगितलंच.