खांबाभोवती फिरणारं विमान रेसिंग किट, दोन महिने वापरून सांगतो

राजेहो, हे किट मी दिवाळीच्या आधी ऑनलाइन मागवलं, ३४०० ला पडलं, कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही म्हणून दारव्ह्याला जाऊन आणावं लागलं. कंपनीचं नाव टाकत नाही कारण सेम टू सेम माल दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी विकतात. ५ पैकी साडेतीन स्टार देतो, दीड स्टार काहून कापले ते सांगतो.

आधी वस्तू काय ते. फोमची दोन विमानं, मधात अडीच फुटाचा लोखंडी खांब, खांबाच्या माथ्यावर दोन फिरत्या रिंगा, तिथून साधारण दोन मीटरची वायर विमानाच्या पंखापर्यंत. करंट त्याच वायरीतून जातो म्हणजे विमानात बॅटरी नाही, म्हणून हलकं आहे आणि पटकन उचलतं. हातात स्पीडचं बटण, जास्त दाबलं की विमान वर, कमी केलं की खाली, आणि दोघं मिळून रेस लावायची. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्यामुळे पहिलं काम मी मोटर खोलून पाहायचं केलं, वाइंडिंग चांगलं आहे, अर्धा तास सलग चालवली तरी हात लावता येतो एवढीच गरम होते. रिंगवर घासून करंट देणारे ब्रश मात्र आठवड्यातून एकदा पुसा नाहीतर विमान झटके खातं. १२ व्होल्टचा अडॅप्टर सोबत येतो, पण आमच्याकडं लाइनचा काही भरोसा नाही म्हणून मी मोटरसायकलच्या बॅटरीवर जोडलं, मस्त चालतं.

विमानाचा आकार जी बी आर-१ या जुन्या अमेरिकन रेसिंग विमानासारखा केलाय, लालपांढरं, पुढून ड्रमसारखं जाड आणि मागं एकदम आखूड. ते पाहूनच मी घेतलं खरं तर. त्याच विमानातून जिमी डूलिटल या पायलटनं १९३२ मधे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची थॉम्पसन ट्रॉफी ही विमान रेस मारली होती आणि ताशी ४७६ किलोमीटरचा रेकॉर्ड केला होता. बॉक्सवर हा रेकॉर्ड मोठ्या अक्षरात छापलाय. तेच विमान दुसऱ्या वर्षी रसेल बोर्डमनचा जीव घेऊन गेलं, आणि डूलिटलनं स्वतः १९३२ च्या त्या रेसनंतर रेसिंग सोडलं, ते कुठंच छापलेलं नाही.

आता मेन गोष्ट. तिसऱ्या दिवशी अंगणात चौदा-पंधरा पोट्टे गोळा झाले, सगळे खांबाच्या भोवती उकिडवे बसलेले, विमान फुल स्पीडमधे होतं आणि पंखाला वायर अडकवायचा आकडा निघाला. गोफणीतून दगड सुटतो तसं सटकन सरळ गेलं आणि माझ्या भाचीच्या कानापासून हातभर अंतरावर भिंतीवर आदळलं. फोम आहे म्हणून काही होत नाही असं समजू नका, पुढं मोटरचा दांडा लोखंडी आहे आणि पंखा कडक प्लास्टिकचा, डोळ्यात गेला असता तर? माहितीपत्रक चार पानांचं आहे, त्यात वॉरंटी आहे, स्पीड आहे, पाहणाऱ्यांनी कुठं उभं राहायचं याची एक ओळ नाही. नियम एकच, आधी १० फेऱ्या करेल तो जिंकला.

जुन्या विमान रेसबद्दल मी बऱ्याच वर्षांपासून वाचतोय आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ज्या चुका तिकडच्या लोकांनी जीव गमावून सुधारल्या त्याच मी माझ्या अंगणात करत होतो. १९११ च्या मे महिन्यात पॅरिस-माद्रिद रेस सुटली तेव्हा गर्दी मैदानातच शिरली होती, एका पायलटचं इंजिन बिघडलं म्हणून तो परत उतरायला आला, समोर घोडेस्वार शिपाई दिसले, त्यांना चुकवायला गेला आणि विमान पाहुण्यांच्या घोळक्यात घुसलं. फ्रान्सचा युद्धमंत्री मोरिस बर्तो तिथंच गेला, पंतप्रधान मोनिस जबर जखमी झाले. ज्यानं शंकरपट पाहिलाय त्याला हे वेगळं समजवायची गरज नाही, जोडी सुटली की लोकं कशी पुढं पुढं सरकतात. आणि १९४९ ला क्लीव्हलँडला तर बिल ओडमचं विमान वळणावर ताबा सुटून एका घरावर पडलं, तो गेला, घरातली आई गेली, तिचं लहान लेकरू गेलं, त्यांनी तर रेसचं तिकीटही काढलेलं नव्हतं. त्यानंतर तिथल्या रेसच बंद झाल्या.

म्हणून आम्ही आमचे नियम केले. खांबापासून पाच मीटरवर फक्कीची गोल लाइन, लाइनच्या आत फक्त उडवणारे दोघं, बाकी सगळे बाहेर. लाइनवर बांबू रोवून नर्सरीची हिरवी शेडनेट बांधली, सुटलेलं विमान नेटमधे अडकतं, दोनदा मुद्दाम सोडून पाहिलं. कोणी लाइन ओलांडली की बटण सोडायचं, विमान खाली, आणि ती रेस पुन्हा. पहिल्या दिवशी पोट्टे कुरकुरले, "काका, एवढं काय हो, खेळणंच तं आहे!", मी म्हटलं लाइनच्या बाहेर बसत असशील तं बस, नाहीतर किट बॉक्समधे.

रेसच्या आधी चेकिंग कम्पल्सरी. श्नायडर ट्रॉफीच्या समुद्री विमानांना रेसच्या आधी सहा तास पाण्यावर उभं राहून दाखवावं लागायचं. १९२७ च्या डोल रेसमधे, कॅलिफोर्निया ते हवाई, तपासणीसाठी तारीख १२ ऑगस्टवरून १६ वर ढकलली, तरी रेसच्या आधीचे, रेसमधले आणि शोधायला गेलेले मिळून दहा जण गेले आणि हवाईला फक्त दोन विमानं पोचली. आमची तपासणी साधी आहे, एक किलो तुरीच्या दाळीची पिशवी पंखाच्या आकड्याला दोन मिनिटं लटकवायची. फिरताना वायरीवर जो ताण येतो त्याच्या कितीतरी पट हे वजन आहे. सरकला आकडा की विमान दुकानात.

आणि नव्या पोराला डायरेक्ट दोघांच्या रेसमधे उतरवू नका. १९०९ ला रीम्सला गॉर्डन बेनेट कपसाठी पायलट एकेकटे, टाइम लावून उडाले होते, ग्लेन कर्टिसनं २० किलोमीटर १५ मिनिट ५० सेकंदात मारले आणि ब्लेरियो फक्त सहा सेकंदांनी मागं राहिला, तरी सगळ्यांचा जीव वर-खाली. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर आम्ही हेच खेळतो आणि खरं सांगू का, दोघांच्या रेसपेक्षा यातच जास्त मजा येते.

बॉक्सवर फक्त पोरांचे फोटो आहेत, हे मला खटकलं. १९३३ मधे शिकागोला फ्लॉरेन्स क्लिंगेनस्मिथच्या विमानाच्या पंखाचं कापड फाटलं, ती गेली, आणि पुढच्या वर्षी बेंडिक्स नावाच्या विमान रेसमधे बायांना उतरूच दिलं नाही, पुरुष पायलट मरत होते तेव्हा असं कोणी केलं नव्हतं. १९३५ ला बाया परत आल्या आणि १९३६ ला तर लुईझ थेडन आणि ब्लांश नॉइस पहिल्या आल्या. आमच्याकडं सगळ्यात कमी टाइम माझ्या भाचीचाच आहे, तीच जिच्या कानाजवळून विमान गेलं होतं. बॉक्सवर एखादी पोट्टी छापली तर काय बिघडते?

दुसरी तक्रार, स्पेअर पंखा एकच देतात. दोन विमानांना एक कसा पुरेल. मागच्या रविवारी वरच्या आळीच्या पोराचा पंखा तुटला तर समोरच्यानं आपला स्पेअर काढून दिला आणि मग हरला. मी सगळ्यांना बसवून जेआरडी टाटांची गोष्ट सांगितली. १९३० ला इंग्लंड-भारत एकट्यानं उडायच्या आगाखान बक्षिसासाठी ते आणि अस्पी इंजिनियर दोघं उडत होते, इजिप्तमधे अस्पी इंजिनच्या स्पार्क प्लगसाठी अडकला होता, जेआरडींनी आपला जास्तीचा प्लग दिला, आणि बक्षीस अस्पीनं नेलं. मनमोहन सिंग (पंतप्रधान नव्हे, त्याच नावाचे पायलट) तर त्यांच्याही आधी पोचले होते पण महिन्याच्या मुदतीत नाही बसले म्हणून नाही मिळालं. पोट्टे शांत ऐकत होते.

कस्टमर केअरला मी आकड्याचा फोटो पाठवला, उत्तर आलं "स्क्रू टाइट करा". टाइट करून होत नाही, हलून हलून ढिला पडणारच. दोन्ही विमानांना स्प्रिंग वॉशर आणि लॉकनट टाकलं, दहा रुपयांत काम झालं, त्यानंतर एकदाही निघालं नाही. हे कंपनीनं फॅक्टरीतच टाकून द्यायला पाहिजे होतं, दीड स्टार त्याचाच कापला.

दहा वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती एकट्यात देऊ नका, घराच्या आत तर उडवूच नका, खांबाच्या चारही बाजूंनी पाच मीटर मोकळी जागा नसेल तर घेऊ नका. ज्यांना घ्यायचं त्यांनी पार्सल आलं की आकड्याचा स्क्रू काढून हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि त्याच मापाचं लॉकनट घ्या, माप अंदाजानं सांगू नका, आमच्या दोन विमानांत दोन वेगळे स्क्रू निघाले.