बॉस डॉ. बीट डीबी-९०: हायस्कूल ड्रमलाइन शिकवणाऱ्यांच्या हातात हा मेट्रोनोम कसा चालतो

अमेरिकेत हायस्कूलच्या ड्रमलाइनला, म्हणजे शाळेच्या बँडमधल्या ड्रम वाजवणाऱ्यांच्या रांगेला, शिकवायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच दणकट मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टकटक ठोके देणारं यंत्र, लागतो, आणि चौकशी केली की बॉस कंपनीच्या डॉ. बीटचं नाव निघतंच. फोनवर फुकट अ‍ॅप असताना या डब्यावर पैसे घालायचे का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर तुम्ही कसं शिकवता यावर ठरतं. मुलांवर ओरडायला आणखी एक भोंगा एवढाच उपयोग असेल तर अ‍ॅप पुरे.

आधी डबा पाहू. वेग मिनिटाला ३० ते २५० ठोके. मूळ ठोका, त्याचे दोन भाग, तीन भाग आणि चार भाग, म्हणजे आपली दुगुन, तिगुन, चौगुन, या प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. खरे पैसे याचेच आहेत. बाकी आकडे मोजणारा माणसाचा आवाज, ड्रम मशीनसारखे तयार ठेके, ठरवलेले वेग साठवायची सोय, हेडफोनची जागा. वीज ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर किंवा अ‍ॅडॅप्टरवर.

आवाज वेगळे करता येण्याचा फायदा नुसतं वाचून कळत नाही, म्हणून बास ड्रमचं उदाहरण घेऊ. समजा लाइनमध्ये पाच बास आहेत, पाच सुरांचे. एकच तुकडा पाच जणांत वाटलेला असतो. चौगुनीतला पहिला घाव एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. यात सर्वांत अवघड जागा ‘ई’ची. वन-ई-अँड-अ अशी मोजणी असते, त्यातला ठोक्याला लागून येणारा दुसरा घाव. वेग १३२ असेल तर चौगुनीचा एक भाग ०.११४ सेकंदाचा. नववीतलं पोर शेजाऱ्याचा घाव ऐकून मग काठी हलवतं, आणि तोवर जागा निघून गेलेली असते. ‘उशीर होतोय’ असं दहा वेळा सांगून काही होत नाही, कारण ते ऐकून वाजवतंय हीच तर चूक. इथे वेग ९६ वर आणा. मूळ ठोका आणि चौगुन दोन्ही चालू ठेवा, चौगुन जरा मोठी. मुलांना वाजवू न देता चारही अक्षरं तोंडाने म्हणायला लावा आणि ज्याची जी जागा त्याने तेवढ्याच अक्षरावर टाळी द्यायची. मग काठ्या. चार वेळा नीट आलं की चौगुनीचा आवाज अर्धा करा, मग बंद. मूळ ठोका तेवढा राहतो. त्यानंतर चार-चारने वेग वाढवा. एकदम दहाने वाढवलं की पोरं जुनी सवय घेऊन परत येतात. फुकटच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये चौगुन एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. ती हळूहळू काढून घेता येत नाही, आणि शिकवणं तर या काढून घेण्यातच आहे.

तिगुन आणि चौगुन एका वेळी चालू करू नका. एका ठोक्यात तीन आणि चार एकमेकांत घुसून नुसता किचाट होतो. रोल, म्हणजे सलग जलद घाव, तिगुनीच्या पायावर असेल तर तिगुन, चौगुनीच्या पायावर असेल तर चौगुन, आणि कोणता पाया आहे हे मुलांना आधी विचारा. उत्तर आलं नाही तर अडचण हाताची नसून समजुतीची आहे, आणि तिथे मेट्रोनोम काहीही करू शकत नाही.

आवाज शून्यावर नेऊन परत आणण्याचा खेळ या डब्यावर फार सोपा आहे. १२० वर ‘एट्स’ सुरू करा, म्हणजे उजव्याने आठ, डाव्याने आठ, सलग. पाय जागच्या जागी चालू. चार बार (एक बार म्हणजे चार ठोके) आवाज चालू, पुढचे चार बार बंद, मग परत चालू. बंद असलेल्या चार बारना बरोबर ८ सेकंद लागायला हवीत. पोरांनी लय नकळत १२३ वर नेली तर ती ठोक्याच्या जवळपास ०.२ सेकंद आधी पोचतात, आणि आवाज परत आला की मास्तरांनी तोंड उघडायच्या आत सगळ्यांना कळतं. हसूही येतं. हे हसू मोलाचं आहे. चूक कुणा एकाची नसते, पूर्ण लाइनची असते. बटण सेक्शन लीडरच्या, म्हणजे लाइनमधल्या म्होरक्या मुलाच्या, हातात द्या, पुढच्या आठवड्यात सगळ्यांत नव्या मुलाच्या हातात. आवाज कधी बंद करायचा हे त्याने ठरवायचं. स्वतः वाजवताना लय कुठे पळते हे ज्याला ऐकू येत नव्हतं, त्याला बाहेर उभं राहून ते पहिल्याच फेरीत ऐकू येतं.

लय पळण्याची जागा बहुतेक वेळा ठरलेली असते. अ‍ॅक्सेंट, म्हणजे जोराचा घाव, ९ इंचांवरून आणि टॅप, म्हणजे हलका घाव, ३ इंचांवरून असा व्यायाम असेल, तर अ‍ॅक्सेंटनंतरचा पहिला टॅप लवकर येतो आणि मोठाही येतो. काठी उसळून वर जाते, ती ३ इंचांवर थांबवायची राहून जाते, मग पोर तिला घाईने खाली ढकलतं. वेग कमी केला तरी हे जात नाही. उलट संथ लयीत मधली रिकामी जागा अंगावर येते आणि लय जास्तच पळते. त्यामुळे ‘सावकाश करा’ हा सल्ला इथे अर्धवट आहे. एक अ‍ॅक्सेंट मारून काठी ३ इंचांवर गोठवायची, दोन ठोके थांबायचं, मग टॅप. दुगुन बारीक आवाजात चालू ठेवली की थांबलेला वेळ मोजता येतो.

आता डब्याची खोड. त्याचा स्वतःचा स्पीकर खोलीत सरावाच्या रबरी पॅडवर वाजवायला पुरतो. खऱ्या ड्रमसमोर, आणि मैदानावर तर, काही कामाचा नाही. हेडफोनच्या जागेतून तार काढून बॅटरीवर चालणाऱ्या मोठ्या स्पीकरला जोडावीच लागते. तो खर्च धरूनच खरेदीचा हिशेब करा. डब्याचा आवाज मध्यावर ठेवा आणि बाकीचा स्पीकरवर वाढवा, नाहीतर टकटक फाटते. तार पायात येते. स्पीकरच्या मुठीला एक वेढा देऊन मग जोडली तर हिसका जोडणीवर बसत नाही.

स्पीकर नेहमी ड्रमलाइनच्या मागे, मधल्या स्नेअरच्या, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम वाजवणाऱ्याच्या, पाठीशी. पुढे प्रेक्षकांच्या बाजूला ठेवण्याची चूक नवे शिक्षक हमखास करतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. लाइन ३० मीटर मागे असेल तर पुढचा ठोका त्यांच्यापर्यंत ०.०९ सेकंदाने पोचतो, ते त्याच्याबरोबर वाजवतात, आणि त्यांचा आवाज पुढे यायला आणखी तेवढाच वेळ. पुढे उभ्या माणसाला ते ०.१८ सेकंद मागे ऐकू येतात. १२० च्या लयीत चौगुनीचा एक भाग ०.१२५ सेकंदाचा, म्हणजे त्याहून जास्त मागे. मुलं बरोबर वाजवत असतात आणि वर बोलणी खातात. विश्वास तुटायला यापेक्षा सोपा मार्ग नाही, कारण आपण ठोक्यावर होतो हे मुलांना ठाऊक असतं.

आवाज किती मोठा? मुलं ३ इंचांवर वाजवत असताना ऐकू यावा आणि पूर्ण जोरात वाजवताना बुडावा, इतका. बुडाला की पाय आणि मधला स्नेअर ऐकावा लागतो, आणि स्पर्धेत तेवढंच असतं. शिवाय कानांचाही विचार हवा. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटंच उरतात. इअरप्लग प्रत्येकाकडे हवेत, शिक्षकाकडेसुद्धा. शिक्षक स्वतः घालत नसेल तर मुलं घालत नाहीत, हे सांगायला नको.

डबा चालू ठेवून त्यावरून बोलण्याची सवय सर्वांत घातक. टकटकीच्या वर आवाज चढवावा लागतो, आणि ‘बास थ्री, कोपर आत’ एवढं साधं वाक्यही रागावल्यासारखं बाहेर पडतं. चौदा वर्षांच्या मुलाला शब्द ऐकू येत नाहीत, सूर ऐकू येतो. आधी बंद, मग बोलणं, साध्या आवाजात, वीस सेकंदांच्या आत, एकच गोष्ट. पुढच्या फेरीत तीच गोष्ट तपासायची. दुसरं काही चुकलं तरी तेव्हा सोडून द्यायचं. सुधारली असेल तर नाव घेऊन सांगायचं. ‘पुन्हा’ म्हणताना कशासाठी पुन्हा ते सांगितलं नाही, तर तिसऱ्या ‘पुन्हा’ला मुलं ती शिक्षा समजतात. हाताबद्दलची सूचना जवळ जाऊन, पॅडसमोर वाकून द्या. लयीबद्दलची सगळ्यांना मिळून. एकेकाला वाजवायला लावण्याची ड्रमलाइनची जुनी रीत आहे. ती ठेवायची तर जोडीने वाजवायला लावा आणि नवा मुलगा शेजारच्या सीनियरबरोबर.

काही शिक्षक डब्याऐवजी हातात प्लास्टिकचा जॅम ब्लॉक धरून काठीने ठोके देतात. त्यात एक मोठी सोय आहे, मुलांकडे बघत चालता येतं. पण शिक्षकाची लय मुलांबरोबर सरकते आणि त्याला पत्ताही लागत नाही. डबा लय धरतो, ब्लॉक लक्ष धरतो. दोन्ही ठेवा, एका वेळी एकच वाजवा.

र्‍हिदम कोच नावाची सोय यात आहे. तुमचे घाव ठोक्याच्या किती पुढे-मागे पडतात ते ती दाखवते. घरी एकट्याने वापरायला छान. वर्गासमोर नको. आकडा दिसला की पोरं एकमेकांचे आकडे लक्षात ठेवतात आणि चिडवतात. माणसाच्या आवाजातल्या मोजणीचे शब्दही जलद लयीत एकमेकांना चिकटतात. १००च्या आत ठीक.

अमेरिकेतल्या मराठी घरांतली काही मुलं गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवून शाळेच्या ड्रमलाइनमध्ये येतात. कान तयार, तोंडाने ठेका म्हणायची सवय पक्की, वाचन मात्र कच्चं. पथकात रंग चढला की लय चढते आणि ती चढावी अशीच अपेक्षा असते. इथे तीच गोष्ट चूक धरली जाते. अशा मुलाला ‘तुला लय नाही’ म्हणणं सरळ खोटं आहे. ‘तिथे ताशा वाढवतो, इथे पाय धरून ठेवतात’ एवढं सांगितलं की काम होतं. चार बार आवाज बंदचा खेळ त्याच्यासाठी आठ बारचा करा. आणि वन-ई-अँड-अ त्याला आधी म्हणू द्या, कागद नंतर.

अ‍ॅप आणि ब्लूटूथ स्पीकरवर भागवणार असाल तर एक माहीत असू द्या. ब्लूटूथचा आवाज थोडा उशिरा येतो, पण सारख्याच उशिराने, म्हणून सलग ठोक्याला बाधा येत नाही. घोटाळा होतो तो चालू-बंद करताना: बटण दाबल्यावर क्षणभराने सुरू होतो. काही स्पीकर शांतता दिसली की झोपी जातात, मग चार बार बंदचा खेळच मोडतो. मध्येच फोन वाजतो ते वेगळंच. तारेने जोडलेला डीबी-९० यातलं काही करत नाही.

बॅटरी उतरली की मात्र तो सरावाच्या मधोमध बंद पडतो. खोक्यात दोन कोऱ्या ९ व्होल्ट ठेवा. घरातल्या सरावाला अ‍ॅडॅप्टर वापरा. पावसासाठी झिपची पारदर्शक पिशवी, तारेपुरता कोपरा उघडा. इनडोअर स्पर्धांचा मोसम वसंतात संपला की कपाटात ठेवण्याआधी बॅटरी बाहेर काढा. ऑगस्टच्या बँड कॅम्पला, म्हणजे बँडच्या सराव शिबिराला, उघडाल तेव्हा आत पाझरलेली बॅटरी आणि हिरवट पत्रे सापडायला नकोत.