बाळंतपण माहेरी की दुबईत? दोन लेकरांच्या कागदांवरून

आमचं पहिलं लेकरू माहेरी झालं, दुसरं दुबईत. त्यामुळे नांदेड-लातूरकडचं कुणी दुबईत संसार थाटून असलं आणि घरात गोड बातमी आली की फोन मला येतो. परवा उदगीरच्या एका पोराचा आला. प्रश्न तोच: हिला सातव्या महिन्यात गावी पाठवू का इथंच ठेवू? दवाखाना, खर्च, डॉक्टर हे ज्याचं त्याला कळतं. मी कागदांबद्दल बोलतो, कारण आमच्या घरात शेवटी कागदांनीच निर्णय केला.

नागरिकत्वाची भीती आधी काढून टाका. आईबाप दोघं भारतीय असतील तर लातूरला जन्मलेलं लेकरू नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ नुसार जन्मानं भारतीय, आणि दुबईत जन्मलेलं कलम ४ नुसार वंशानं भारतीय. दुसऱ्या बाबतीत वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद करावी लागते, आणि लेकराकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, तेवढी वेळ येऊ देऊ नका. तिथं जन्मलं म्हणून अमिरातीचं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे हातचं काही जाण्याचाही प्रश्न नाही.

अमेरिकेतल्यांचं गणित वेगळं. माझा आतेभाऊ तिकडं आहे, त्याच्या मुलीला जन्मानंच तिकडचं नागरिकत्व मिळालं. २०२५ मध्ये त्या हक्कावर तिथं कोर्टात वाद सुरू झाला. आतेभावानं मुलीचं ओसीआय कार्ड काढलं, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड. कार्डावर गावी येणंजाणं, राहणं सुखाचं होतं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली जमीन घेता येते. ज्यांचा जीव सातबाऱ्यात आहे त्यांनी हा फरक आधीच समजून घ्यावा. दुबईच्या लेकराला यातलं काही आडवं येत नाही.

आता माहेर. त्याच्या बाजूनं बोलायला लागलो तर थांबणार नाही. पाचवीच्या रात्री मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाटा-वरवंट्याची पूजा मांडली आणि सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवला. शेगडीचा शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रोज लेकराला तेल लावून न्हाऊ घालायला येणारी बाई. बायकोचा त्या दिवसांतला चेहरा मला अजून आठवतो. दुबईतल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये हे सुख विकत मिळत नाही, हे मी मान्य करतो.

भारतातली जन्मनोंद तशी अवघडही नाही. दवाखाना २१ दिवसांच्या आत कळवतो, दाखला निघतो. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते आणि वर्षाच्या आत फी न भरता नाव घालता येतं. बारसं निवांत करायला मोकळीक. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. सोय मोठी झाली, पण त्या कागदावरचं एकेक अक्षरही तेवढंच महागडं झालं.

आमची मुलगी २०१८ ची. बायकोच्या नावात जोडाक्षर आहे. पासपोर्टवर इंग्रजीत ते टी आणि एस असं दोन अक्षरांत लिहिलेलं. दवाखान्यातला फॉर्म मेव्हण्यानं घाईत भरला, पुढं कुणीतरी तो टाइप केला, आणि दाखल्यावर टी गळाला. मराठीत नाव बरोबर, इंग्रजीत एक अक्षर कमी. मी बारशाला आठ दिवसांची सुट्टी काढून गेलो होतो, पण तेव्हा दाखला हातात आलेला नव्हता. आला तेव्हा मी दुबईला परतलो होतो. घरात सगळ्यांनी तो पाहिला, कुणाच्याच लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते पासपोर्टच्या खिडकीवर. आईचा पासपोर्ट एका हातात आणि दाखला दुसऱ्या हातात धरून तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, आधी हे दुरुस्त करून आणा.

दुरुस्तीची सोय जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे, कलम १५. मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला शेरा मारून दुरुस्त करतात आणि नवा दाखला देतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मामा, म्हणजे माझे सासरे, तीन आठवडे त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होते. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सिस्टिम बंद, एकदा आईच्या शाळेचा दाखला आणा. एरवी शेतात गुडघाभर चिखल तुडवणारा माणूस, पण त्या कार्यालयातून घरी आला की ओसरीवर नुसता बसून राहायचा.

मी दुबईत बसून काय करणार होतो? लेकराच्या पासपोर्टला आईबाप दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र लागतं, त्याला परिशिष्ट डी म्हणतात. बाप परदेशात असेल तर त्याला आपलं म्हणणं तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवावं लागतं. ते कुरिअरनं पाठवलं. पासपोर्ट आला तरी काम संपत नाही, कारण भारतात निघालेला जन्मदाखला अमिरातीत व्हिसासाठी तसाच चालत नाही. राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात असे शिक्के घ्यावे लागतात. एका देशाचा एकच शिक्का दुसऱ्या देशात चालावा असा अपोस्टिलचा करार आहे, पण अमिरात त्यात नाही, त्यामुळे एका शिक्क्यात भागत नाही. त्यानंतर मी इथून लेकराचा प्रवेश परवाना काढायचा.

या सगळ्याच्या मागं एक घड्याळ चालू होतं. अमिरातीचा निवासी व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की व्हिसा जातो. अलीकडे कारण सांगून, दंड भरून परतीची परवानगी मागण्याची सोय झाली आहे, तेव्हा नव्हती. बायको बाळंतपणाच्या नऊ आठवडे आधी गेली होती, कारण पोट पुढं आल्यावर विमान कंपन्या बसू देत नाहीत. म्हणजे लेकरू जन्माला आलं तेव्हाच तिचे ६३ दिवस संपलेले. मी ऑफिसच्या कॅलेंडरवर रोज एक चौकोन खोडत होतो. दोघी हैदराबादहून विमानात बसल्या तो १७४ वा दिवस होता. मुलगी साडेतीन महिन्यांची झाली होती. विमानतळावर मी हात पुढं केले आणि ती मला बघून घाबरून रडली, आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. ते रडणं मी विसरू शकलेलो नाही, आणि दुसऱ्या वेळी आम्ही दुबई निवडली त्याचं खरं कारण तेच आहे.

दुसऱ्याच्या वेळचं सांगण्यासारखं फार नाही, आणि मला तेच आवडलं. दुबईतल्या दाखल्याला आईबापांचे पासपोर्ट, व्हिसा आणि शिक्के मारलेला विवाहदाखला लागतो. बायको तुमच्या व्हिसावर आलेली असेल तर हा विवाहदाखला सगळ्या शिक्क्यांसह आधीच तुमच्या कपाटात असतो. आमच्याकडे हजार माणूस जेवू घालून लग्न लागतं, पण नोंद करायची राहून जाते. ती धावपळ तुम्ही बायकोला आणतानाच केलेली असते. मी दवाखान्याच्या काउंटरवर बायकोचा पासपोर्ट उघडा ठेवून स्पेलिंग एकेक अक्षर लावून वाचलं. कॉन्सुलेटमध्ये आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून सह्या केल्या. मग निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र. व्हिसासाठी जन्मापासून १२० दिवस मिळतात, आमचं सगळं सात आठवड्यांत झालं. नाव मात्र आधीच ठरवून ठेवावं लागलं. बाराव्या दिवशी माझ्या बहिणीनं परभणीहून व्हिडिओ कॉलवर लेकराच्या कानात नाव सांगितलं, फोन मी त्याच्या कानाशी धरला होता.

दुबईच्या बाजूचे तोटेही सांगायला हवेत. बापाला तिथल्या कायद्यानं पाच कामाचे दिवस सुट्टी मिळते, आणि नोकरी करणाऱ्या आईला ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी. विम्यात बाळंतपणाला मर्यादा असते, सिझेरियन झालं तर वरचा खर्च खिशातून जातो. मदतीला माणूस हवंच. आम्ही मामींना व्हिजिट व्हिसावर बोलावलं, त्यांचा पासपोर्ट काढण्यापासून सुरुवात होती. मुलगा झाला तेव्हा त्या पोचल्या होत्या, लाडूंचा डबा घेऊन. पाचवीचा कोरा कागद त्यांनी दुबईतही ठेवला.

पगार कुटुंबाच्या व्हिसात बसत नसेल, म्हणजे ४ हजार दिरहॅम किंवा राहण्याची सोय धरून ३ हजारांच्या खाली असेल, तर बायको गावीच आहे आणि हा प्रश्नच येत नाही. पहिलं बाळंतपण अवघड जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा वर्षभरात कायमचं परतायचं असेल, तर माझ्या मतानं माहेरच बरं. अशांनी लेकराच्या व्हिसाची घाई करू नये.

बाकीच्यांना मी दुबईकडे झुकून सांगतो, माझ्या अनुभवापुरतं. आणि तरीही हिला पाठवणार असाल, तर तिच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स दवाखान्याच्या फाइलला टाचून द्या. फॉर्मवर सही करणाऱ्याला, मेव्हणा असो की मामा, आधीच फोन करून स्पेलिंग सांगा. दाखला निघाला की त्याचा फोटो त्याच दिवशी मागवा आणि तुमची सुट्टी तो हातात येईल त्या सुमारास घ्या, बारशाच्या नाही.